ऑफिस धरायचं म्हणजे नेमकं काय धरायचं?

नागपुरात बर्डीवरच्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी सकाळी दोन तास इंग्रजी शिकवते. आठवड्याचे बाकीचे दिवस भाषांतराचा धंदा: वकिलांची शपथपत्रं, खरेदीखतं, बदलीचे आदेश, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. त्यामुळे सरकारी इंग्रजीशी रोजचा संबंध येतो. पण ते मुलांना समजावून सांगायची पाळी आली तेव्हा लक्षात आलं की आपण बरंच काही नुसतं सवयीनं लिहितो.

झालं असं, की राज्यसेवेची तयारी करणारा काटोलकडचा एक मुलगा उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, ‘ही हेल्ड ऑफिस फॉर फाइव्ह इयर्स’ लिहून राहिले इथं. म्हणजे का त्यानं पाच वर्षं खोली धरून ठेवली का?”

अख्खी अभ्यासिका हसली. मुलगा ओशाळला. पण प्रश्न चोख होता.

‘ऑफिस’ हा शब्द मुळात लॅटिनमधल्या ‘ऑफिसियम’वरून आला. त्याचा अर्थ कर्तव्य, अंगावर आलेलं काम. इंग्रजीतही आधी पद आणि त्या पदाचं कर्तव्य हाच अर्थ होता. ते काम जिथं बसून करायचं त्या जागेला ‘ऑफिस’ म्हणणं त्यानंतर आलं. आपल्याकडे मात्र हा शब्द आला तो खोलीपुरताच. कचेरी होती, दफ्तर होतं, त्यांच्या शेजारी ऑफिस येऊन बसलं आणि माझ्या आजोबांच्या तोंडी त्याचं ‘हापिस’ झालं. पदासाठी आपल्याकडे हुद्दा, जागा, खुर्ची असे शब्द भरपूर होते, त्यामुळे ‘ऑफिस’चा तो जुना अर्थ मराठीत शिरलाच नाही. म्हणून ‘होल्ड ऑफिस’ वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे पंखा, फायली आणि कूलर येतो.

दोन्ही अर्थ वेगळे ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे मधला ‘द’. ‘इन ऑफिस’ म्हणजे पदावर, सत्तेवर. ‘इन द ऑफिस’ म्हणजे खोलीत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं तेव्हा मंत्री पूर्णपणे ‘इन ऑफिस’ असतात, पण मुंबईच्या मंत्रालयातल्या त्यांच्या दालनात कोणी फोन केला तर उत्तर येईल, ‘ही इज नॉट इन द ऑफिस’. उलट एखादा निलंबित बाबू आपली छत्री घ्यायला कचेरीत आला असेल, तर तो ‘इन द ऑफिस’ आहे आणि तेवढंच. आता सुट्टीवर गेलेल्या माणसाला मेल केला की आपोआप उत्तर येतं, ‘आउट ऑफ ऑफिस’. काटेकोर वाचलं तर साहेबांची सत्ता गेली! पण हा प्रयोग आता इतका रुळलाय की कोणी तसं वाचत नाही. भाषेचे नियम असेच, कडेकडेनं झिजतात.

अजून एक गंमत. ‘होल्ड ऑफिस’ कारकुनाबद्दल म्हणत नाहीत. हेड क्लार्क साहेब ‘पोस्ट’ होल्ड करतात. ‘ऑफिस’ होल्ड करायला राष्ट्रपती, राज्यपाल, सभापती, महापौर, नाहीतर एखाद्या संस्थेचा अध्यक्ष लागतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार हा इंग्रजीत ‘ऑफिस-बेअरर’ असतो, आपल्या भाषेत पदाधिकारी. त्याच्याकडे खोली नाही, टेबल नाही, एक रेक्झिनची बॅग आणि पावतीपुस्तक आहे. तरी ऑफिस त्याच्याकडे आहे. आणि ज्याला खरोखर टेबल-खुर्ची आहे त्या कारकुनाकडे इंग्रजीच्या हिशेबानं ऑफिस नाही!

इथं मुलांना मी संविधानाचं इंग्रजी उघडायला लावते. संविधान चौकातून रोज जाणारी मुलं आहेत ही, पण इंग्रजी पाठ्यपुस्तक म्हणून त्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. कलम ५६ मध्ये राष्ट्रपतींबद्दल लिहिलंय की ते पाच वर्षं ‘होल्ड ऑफिस’ करतील, आणि ही पाच वर्षं मोजायची ते ऑफिस ‘एन्टर अपॉन’ करतील, म्हणजे पदावर येतील, त्या तारखेपासून. कलम १६४ म्हणतं, राज्यातले मंत्री राज्यपालांच्या मर्जीनं ‘होल्ड ऑफिस’ करतात. लोकसभेचा सदस्य राहिला नाही तर अध्यक्षानं ऑफिस ‘व्हेकेट’ करायचं, हे कलम ९४. आणि कलम १०२ मधलं ‘ऑफिस ऑफ प्रॉफिट’ तर पेपरात मराठीतच येतं, लाभाचं पद. तिथं कोणी ‘नफ्याचं कार्यालय’ असं भाषांतर करत नाही हे नशीब.

या क्रियापदांकडे जरा नीट पाहा. प्रवेश करणं, धरणं, रिकामं करणं. इंग्रजीला पद म्हणजे एक जागा वाटते. ती आधीपासून तिथं आहे, माणूस आत येतो, काही काळ राहतो, निघून जातो, जागा तशीच. आपल्याला पद उंचीवर दिसतं. ‘पद’ म्हणजे मुळात पाऊल. आपण पदावर चढतो, बसतो, टिकतो, आणि एक दिवस पायउतार होतो. मराठीत सगळा ‘वर’चा मामला. म्हणूनच मुलं हमखास लिहितात, ‘ही इज ऑन द पोस्ट ऑफ तहसीलदार’. व्याकरणाच्या पुस्तकात ही चूक ‘प्रीपोझिशन’च्या धड्यात टाकतात. मला वाटतं हे ‘पदावर’मधलं ‘वर’च आहे, तिथं सांडलेलं. इंग्रजीत तो नुसता ‘तहसीलदार’ असतो, किंवा ‘होल्ड्स द पोस्ट ऑफ’, किंवा ‘सर्व्ह्ज ॲज’. अर्थात ‘स्टेप डाउन’ म्हणताना इंग्रजीही आपल्यासारखीच पायरी उतरते. भाषा काही गणित नव्हे.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्या पदावर एका वेळी एकच माणूस असतो, त्याच्या आधी ‘अ’ लावत नाहीत. ‘शी वॉज अपॉइंटेड कलेक्टर ऑफ नागपूर’, ‘ही वॉज इलेक्टेड मेयर’. पण उपजिल्हाधिकारी अनेक असतात, म्हणून ‘शी इज अ डेप्युटी कलेक्टर’. आणि नेमणूक झालेल्याला ‘इलेक्टेड’ किंवा निवडून आलेल्याला ‘अपॉइंटेड’ लिहिलं तर वाक्य शुद्ध राहतं, माहिती खोटी होते. निवडून आला पण खुर्चीवर अजून बसायचाय, त्याच्यामागे ‘इलेक्ट’ लागतं: ‘प्रेसिडेंट-इलेक्ट’. नेमला गेला पण रुजू व्हायचाय, तर ‘डेझिग्नेट’: ‘गव्हर्नर-डेझिग्नेट’.

आता चार्ज. सरकारी नोकरीतला हा सगळ्यात लाडका शब्द. “साहेबांनी चार्ज घेतला का?” हे वाक्य सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. ‘टेक चार्ज’, ‘अझ्यूम चार्ज’, ‘हँड ओव्हर चार्ज’, ‘रिलिंक्विश चार्ज’, ‘ॲडिशनल चार्ज’. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी गाडीत माल लादणं आहे. चार्ज म्हणजे लादलेलं ओझं. आणि आपण काय म्हणतो? पदभार, कार्यभार, प्रभारी. तोच भार! पदाबद्दल उंची आणि जागा असा फरक असलेल्या दोन भाषा इथं मात्र एकाच बैलगाडीवर बसल्या आहेत. ‘डिस्चार्ज’ म्हणजे ओझं उतरवणं, मग तो दवाखान्यातून सुटलेला रोगी असो की कर्तव्य पार पाडणारा अधिकारी. ‘चार्जशीट’मध्येही अंगावर लादलेलंच असतं, फक्त ते कोणालाच नको असतं.

म्हणून इथं चुकीचं क्रियापद लावलं की फार महागात पडतं. एका मुलीनं पत्रलेखनात लिहिलं होतं, ‘ही वॉज चार्ज्ड विथ द पोस्ट ऑफ प्रिन्सिपल’. तिला म्हणायचं होतं की सरांकडे प्राचार्यपदाचा कार्यभार आला. वाचणाऱ्याला मात्र प्राचार्यपद हाच गुन्हा वाटावा अशी रचना. ‘चार्ज्ड विथ द ड्यूटी ऑफ’ चालतं, पण ‘चार्ज्ड विथ’ एवढं दिसलं की आजच्या वाचकाच्या मनात पुढे ‘थेफ्ट’ नाहीतर ‘मर्डर’ येतं. आणि एक पाहा: ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’, पण ‘द वॉर्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’. एका ‘द’नं मालक आणि माल यांची अदलाबदल. मी हे फळ्यावर लिहून दोन मिनिटं गप्प बसते. पोरं आपापसांत भांडून अर्थ काढतात, तो जास्त टिकतो.

प्रभारीवरून ‘ॲक्टिंग’ आठवलं. मुलांना त्यात सिनेमा दिसतो. ‘ॲक्टिंग चीफ जस्टिस’ म्हणजे पद रिकामं असताना किंवा मूळ माणूस नसताना त्या पदाचं काम पाहणारा. याला नागपूरशी नातं असलेलं उदाहरण आहे, ते मी कधी सोडत नाही. मोहम्मद हिदायतुल्ला १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. १९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले, आणि जुलैत राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला त्यांनीही राजीनामा दिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मग २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ हिदायतुल्लांनी राष्ट्रपतींचं काम पाहिलं. या काळाबद्दल लिहिताना नेमकी इंग्रजी जोडी येते ‘डिस्चार्ज्ड द फंक्शन्स ऑफ द प्रेसिडेंट’. ते सरन्यायाधीश ‘होते’, राष्ट्रपतींची कामं ‘पार पाडत’ होते. पुढे १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले, तिथं मात्र ‘होल्ड ऑफिस’ बिनधास्त लिहा.

मराठीत ‘ॲक्टिंग’ला कोणी प्रभारी म्हणतं, कोणी कार्यवाहक, कोणी कार्यकारी. यातला ‘कार्यकारी’ घोळ घालतो, कारण ‘एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर’ही कार्यकारी अभियंताच. तो बिचारा कोणाच्याही जागी नाही, त्याचं पक्कं पद आहे. भाषांतरात ‘ॲक्टिंग इंजिनीअर’ लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. काम आलं होतं माझ्याकडे, तपासायला.

शपथेचं जरा पटकन सांगते. १५ डिसेंबर २०२४ ला राज्याच्या ३९ मंत्र्यांचा शपथविधी मुंबईत न होता इथं, नागपूरच्या राजभवनात झाला. या एका प्रसंगावर सगळे प्रयोग बसतात. मंत्र्यांनी ‘टुक ओथ’. राज्यपालांनी ‘ॲडमिनिस्टर्ड द ओथ’. मंत्री ‘वेअर स्वॉर्न इन’. राज्यपालांनी मंत्र्यांना ‘स्वोअर इन’ केलं. मराठीत एक घेतो, एक देतो, भानगड नाही. इंग्रजीत ‘इन’ विसरून ‘ॲट’ लिहिलंत, तर राज्यपालांनी मंत्र्यांना शिव्या दिल्या असा अर्थ होतो. ‘स्वेअर’ला दोन्ही कामं येतात.

राजीनाम्याचंही तसंच. आपण राजीनामा देतो, तो मंजूर होतो, कोणी मागे घेतो, कोणी खिशात घेऊन फिरतो. इंग्रजीत तो ‘टेंडर’ किंवा ‘सबमिट’ करतात आणि पुढचा ‘ॲक्सेप्ट’ करतो. ‘ही गेव्ह रिझाइन’ लिहू नका, ‘रिझाइन’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ढकलायला दुसरं लागत नाही.

खरा डोंगर पुढे आहे, आणि त्याचं नाव ‘उप’.

मराठीनं एक ‘उप’ घेतला आणि तो सगळीकडे चिकटवला. उपराष्ट्रपती, उपमहापौर, उपनिरीक्षक, उपविभाग. इंग्रजीत यांना तीन वेगळे शब्द आहेत: ‘व्हाइस’, ‘डेप्युटी’, ‘सब’. आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘व्हाइस प्रेसिडेंट’, पण ‘डेप्युटी मेयर’, पण ‘सब-इन्स्पेक्टर’. ‘व्हाइस’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये ‘च्या जागी’. ‘डेप्युटी’ म्हणजे ज्याला काम नेमून दिलंय, सोपवलंय तो. ‘सब’ म्हणजे खालचा, किंवा तुकड्याचा. आता एक कोडं: ‘उपविभागीय अधिकारी’ यातला ‘उप’ कोणाला चिकटलाय? विभागीय अधिकाऱ्याच्या हाताखालचा माणूस असं वाटतं. नाही. तो ‘उप’ विभागाचा आहे: उपविभाग, आणि त्याचा अधिकारी. म्हणून ‘सब-डिव्हिजनल ऑफिसर’. आणि ‘पोलीस उपनिरीक्षक’ यातला ‘उप’ निरीक्षकाचा. दिसायला दोन्ही सारखे, बांधणी वेगळी.

‘व्हाइस’ची एक घरगुती गोष्ट. आमच्या शेजारचे काका केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. त्यांच्या बदलीच्या इंग्रजी आदेशात त्यांचं नाव, नवी जागा, आणि पुढे ‘व्हाइस श्री अमुक, ट्रान्सफर्ड’ असं लिहिलेलं. घरातल्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या नातवानं जाहीर केलं की आजोबा व्हाइस झाले. संध्याकाळपर्यंत दोन घरी पेढे गेले. काकूंनी मला आदेश वाचायला दिला तेव्हा माझ्या हातात पेढा होता, तो अर्धा खाऊन झालेला. तिथं ‘व्हाइस’ म्हणजे सरळ ‘त्यांच्या जागी’: अमुकांची बदली झाली, त्यांच्या जागी काका. सरकारी इंग्रजीत लॅटिन असं दडी मारून बसलेलं असतं. काका मात्र खूश होते, “जाऊ द्या ना बाप्पा, पेढे तर खाल्ले सगळ्यांनी.”

विद्यापीठात तर ‘व्हाइस’ हाच खरा कारभारी. ‘चान्सलर’ म्हणजे कुलपती, आपल्याकडे ते पद राज्यपालांकडे. रोजचं विद्यापीठ चालवतात ‘व्हाइस-चान्सलर’, कुलगुरू. महाराष्ट्रात हा फरक पक्का आहे. पण नागपुरात हिंदी पेपरही घरोघरी येतात, आणि हिंदीत वर्षानुवर्षं ‘कुलपति’ हा शब्द व्हाइस-चान्सलरसाठी वापरला गेला. एकाच चहाच्या टेबलावर मराठी पेपरातले कुलपती आणि हिंदी पेपरातले कुलपति या दोन वेगळ्या व्यक्ती. माझ्या एका अशिलानं यावरून भाषांतर चुकलंय म्हणून मला दोन पानी पत्र लिहिलं होतं.

बाकीची उतरंडही पाठ करून भागत नाही, कारण ती खात्यागणिक बदलते. ‘ॲडिशनल’ म्हणजे अपर, ‘जॉइंट’ म्हणजे सह, ‘असिस्टंट’ म्हणजे सहायक, ‘अंडर’ म्हणजे अवर. दिल्लीच्या सचिवालयात ‘ॲडिशनल सेक्रेटरी’ हा ‘जॉइंट सेक्रेटरी’च्या वर. पण नागपूरच्या पोलीस आयुक्तालयात ‘जॉइंट कमिशनर’ हा ‘ॲडिशनल कमिशनर’च्या वर! शब्द तेच, क्रम उलटा. शब्दकोशात हे सापडणार नाही, तो खात्याचा संसार आहे. आणि विशेषणांची माळ पाहायची असेल तर सिव्हिल लाइन्समध्ये वनभवनात जा. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय तिथं आहे. वनसंरक्षक, त्याच्यावर मुख्य वनसंरक्षक, त्याच्याही वर अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, मग प्रधान मुख्य वनसंरक्षक. इंग्रजीत ‘प्रिन्सिपल चीफ कन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्स’. मुख्य झाला, तरी त्यातला प्रधान व्हायचं राहतंच.

‘मिनिस्टर ऑफ स्टेट’ हाही असाच फसवा. राज्यमंत्री म्हटलं की नवख्या मुलाला राज्याचा मंत्री वाटतो. तो कॅबिनेट मंत्र्याच्या खालचा दर्जा आहे, आणि केंद्रातही असतो. अमेरिकेत ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री, सचिव नव्हे. आणि ‘उपमुख्यमंत्री’ हे पद संविधानात लिहिलेलंच नाही. कायद्याच्या हिशेबानं तो मंत्रीच, ‘उपमुख्य’ हे मानाचं नाव.

‘जनरल’ शब्द आधी लावायचा की मागे, याचं उत्तर नागपूरकरांना रस्त्यावरच मिळतं. ‘जीपीओ’ म्हणजे ‘जनरल पोस्ट ऑफिस’, इथं तो आधी. एजी ऑफिस म्हणजे ‘अकाउंटंट जनरल’, महालेखापालांचं कार्यालय, इथं तो मागे. मागे लागतो तिथं फ्रेंच वळण आहे: विशेषण नामानंतर. म्हणून अनेकवचन करताना ‘एस’ मधे लागतो, ‘अकाउंटंट्स जनरल’, ‘गव्हर्नर्स जनरल’. पण सैन्यातला ‘मेजर जनरल’ पाहा, तिथं जनरल हेच नाम, म्हणून ‘मेजर जनरल्स’. आपण ‘महा’ नेहमी आधीच लावतो, ही आपली सोय.

कामाच्या जागेबद्दल बोलताना मुलं घसरतात ती आपल्या ‘त’ आणि ‘मध्ये’मुळे. “बाबा वेकोलीत आहेत, काका कलेक्टर ऑफिसात, मामा रेल्वेत.” तिन्ही वाक्यं मराठीत एका साच्याची. इंग्रजीत बाबा ‘वर्क फॉर वेस्टर्न कोलफिल्ड्स’, काका ‘वर्क ॲट द कलेक्टर्स ऑफिस’, मामा मात्र खुशाल ‘इन द रेल्वेज’. सैन्य, पोलीस, रेल्वे अशा मोठ्या सेवांना ‘इन’ चालतं. मालक सांगायचा तर ‘फॉर’, इमारत सांगायची तर ‘ॲट’, साहेब सांगायचा तर ‘अंडर’. ‘जॉइन’पुढे यातलं काहीच नको, ‘जॉइन्ड द डिपार्टमेंट’ एवढंच. आणि साहेबांच्या खोलीला आपण ‘केबिन’ म्हणतो ते इंग्लंडात म्हणू नका, तिथं केबिन म्हणजे लाकडी झोपडी नाहीतर जहाजातली खोली. न्यायमूर्तींची खोली ‘चेंबर’.

न्यायालयाचा विषय निघाला की ‘बेंच’. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूरचं ते ‘नागपूर बेंच’, मराठीत नागपूर खंडपीठ. पण दोन न्यायमूर्ती एकत्र बसले की तेही ‘डिव्हिजन बेंच’, मराठीत पुन्हा खंडपीठ! म्हणजे ‘नागपूर खंडपीठाच्या खंडपीठानं निकाल दिला’ असं वाक्य तत्त्वतः बरोबर. बातमीदार त्यातून ‘द्विसदस्यीय खंडपीठ’ म्हणून सुटका करून घेतात. एकटे न्यायमूर्ती असले तर एकलपीठ, तिघे किंवा जास्त असतील तर पूर्णपीठ. वकील ‘बिफोर द बेंच’ उभा राहतो, न्यायमूर्ती ‘ऑन द बेंच’ असतात, आणि वकिलाचा न्यायमूर्ती होतो तेव्हा ‘एलिव्हेटेड टु द बेंच’ म्हणतात. मी उंचीचं बोलले ना मघाशी, इथं इंग्रजीही वर चढते. सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य मात्र ‘चीफ जस्टिस ऑफ इंडिया’, ‘ऑफ द सुप्रीम कोर्ट’ नव्हे. आपण त्यांना सरन्यायाधीश म्हणतो आणि उच्च न्यायालयाच्या प्रमुखांना मुख्य न्यायमूर्ती.

विधानभवनातली एकच गोष्ट सांगते. कागद ‘पटलावर ठेवला’ हे आपण ‘लेड ऑन द टेबल’वरून घेतलं. ब्रिटिश आणि आपल्या इंग्रजीत ‘टेबल अ बिल’ म्हणजे विधेयक चर्चेला आणणं. अमेरिकेत तेच ‘टेबल’ म्हणजे ते बाजूला ठेवणं. अमेरिकन बातमी वाचून ‘विधेयक मांडले’ असं लिहिणारा माणूस पूर्ण उलटी बातमी छापतो.

राहिली सत्ता. ‘पॉवर’ एकवचनात सत्ता, ‘पॉवर्स’ अनेकवचनात अधिकार. पक्ष ‘कम्स टु पॉवर’, अधिकारी ‘एक्सरसाइझेस पॉवर्स’. मोठा साहेब ते धाकट्याला ‘डेलिगेट’ करतो. कायद्यानं ते कोणात तरी ‘व्हेस्ट’ होतात; राज्याची कार्यकारी सत्ता राज्यपालांत, हे कलम १५४. ‘ऑथॉरिटी’चे तर चार अवतार. ‘द ऑथॉरिटीज’ म्हणजे प्रशासन. ‘कॉम्पिटंट ऑथॉरिटी’ म्हणजे सक्षम प्राधिकारी, म्हणजे ज्याची सही चालते तो. ‘अ लोकल ऑथॉरिटी’ म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद वगैरे. आणि ‘ॲन ऑथॉरिटी ऑन’ म्हणजे त्या विषयातला जाणकार, ज्याची सही कुठंच चालत नाही. माणूस एक, अधिकार दोन, असंही होतं: २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. तोच माणूस एका कागदावर आयुक्त म्हणून सही करणार, दुसऱ्यावर प्रशासक म्हणून. इंग्रजीत त्यासाठी नेमकी जोडी आहे, ‘इन हिज कपॅसिटी ॲज’. आणि पदामुळे आपोआप चिकटलेलं दुसरं पद असेल तर ‘एक्स ऑफिशिओ’, आपलं पदसिद्ध. या शब्दातही ते लॅटिन ‘ऑफिसियम’च बसलंय बघा, खोलीचा पत्ता नाही.

काटोलच्या त्या मुलाची राज्यसेवा अजून व्हायची आहे. मधल्या काळात त्याला एका सरकारी कचेरीत लिपिकाची नोकरी लागली. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, “मॅडम, चार्ज घेतला. आवक-जावकचं टेबल भेटलं.” मी विचारलं, रुजू अहवाल नीट लिहिलास ना. त्यानं वाचून दाखवला. तारीख होती, पद होतं, आणि शेवटी ‘आफ्टरनून’. सरकारी कागदात नुसती तारीख पुरत नाही, ‘फोरनून’ की ‘आफ्टरनून’ तेही लिहावं लागतं, कारण दुपारनंतर घेतलेला चार्ज पगाराच्या हिशेबात दुसऱ्या दिवसापासून धरतात.

“किती वाजता पोहोचला होतास?”

“पावणेबाराला, मॅडम. पण मोठे बाबू जेवायले गेले होते ना, सही दोन वाजता केली त्यांनी. मी म्हटलं आफ्टरनूनच लिहून टाकतो, खरं तेच.” मग थोडं थांबून म्हणाला, “काहून, चुकलं का?”